अब्बांचे फिरते घर

इशाची नमाज झाली, ताटे उचलली गेली, की आमच्या घरात अर्धा तास मोबाईल पाहण्याचा असतो. गेल्या हिवाळ्यात त्या अर्ध्या तासात अब्बा एकच फोटो पुन्हा पुन्हा उघडत. फोटोत एक उंच गाडी होती. पुढे पिकअपचे तोंड, मागे पांढऱ्या पत्र्याची खोली. खोलीला खिडकी, खिडकीला पडदा. टायर ट्रॅक्टरची आठवण यावी असे खडबडीत. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने ती जाहिरात पाठवली होती. अकरा वर्षे जुनी, डिझेल, फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी. आत दोन मोठे पलंग, शेगडी, बेसिन आणि कोपऱ्यात संडास. किंमत चौदा लाख.

अब्बा एसटीचे निवृत्त चालक. उमरखेड डेपोतून त्यांनी आयुष्यभर गाडी चालवली. ज्यांच्या घरात एसटीचे माणूस आहे त्यांना मुक्कामी गाडी म्हणजे काय ते सांगायला नको. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन खेड्यात जायचे, रात्र तिथेच काढायची आणि पहाटे पहिली फेरी घेऊन परत यायचे. चालक-वाहक गाडीतच झोपत. अब्बांकडे त्यासाठी एक सतरंजी, एक लोटा, जानमाज आणि डासांसाठी ओढायची चादर असे गाठोडे होते. अम्मी म्हणते, "माझ्यापेक्षा जास्त रात्री त्यांनी त्या बाकड्यावर काढल्या आहेत." म्हणूनच फोटो पाहून तिचा पहिला प्रश्न होता, "सुटला होतात ना त्यातून? आता पुन्हा गाडीतच झोपायचं?"

अब्बा म्हणाले, "तेव्हा मी एकटा झोपत होतो. आता तू पण चल."

या उत्तरावर कोणालाच काही बोलता आले नाही. घरातला व्यवहार बघण्याची सवय मला आहे, शाळेत गणित शिकवते, म्हणून ही गाडी घ्यायची की नाही याचा हिशेब माझ्याकडे आला. तो मांडायला दोन महिने लागले. महागावसारख्या तालुक्याच्या गावी असली गाडी घेणारे फारसे कोणी नाही, विचारायचे कोणाला? जे कळत गेले ते इथे लिहिते आहे. अशी गाडी घेण्याचा विचार सध्या पुष्कळ घरांत चालू आहे आणि जाहिरातीत अर्धेच सांगितलेले असते.

आधी अम्मीचे सांगते, कारण गाडीची खरी गरज अब्बांना नव्हतीच. अम्मी प्रवासात पाणी पीत नाही. नांदेडला मावशीकडे जायचे असले तरी आदल्या रात्रीपासून तिचे पाणी बंद. वाटेत थांबायचे तर धाबा, धाब्यामागे अंधार, दाराला कडी नाही, फरशी ओली, बुरखा कुठे धरायचा आणि पाण्याचा डबा कुठे ठेवायचा? वजूचे तर नावच नको. गुडघे गेल्यापासून खाली बसायचेही जमत नाही. दोन वर्षांपूर्वी तिला लघवीचा संसर्ग होऊन ताप चढला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारले, "पाणी किती पिता?" ती गप्प. मी हे लिहिते आहे आणि मला खात्री आहे की वाचणाऱ्या निम्म्या भगिनी मान हलवत असतील. पुरुषांना प्रवास म्हणजे रस्ता दिसतो. बाईला दिसते ते पुढचे दार असलेले ठिकाण.

म्हणून कोपऱ्यातल्या त्या संडासाचा फोटो अम्मीनेही दोनदा पाहिला. मला ते दिसले.

आता पैसे. अब्बांच्या निवृत्तीच्या रकमेतून धाकट्या बहिणीचे लग्न झाले, घरावर स्लॅब पडला. उरले सोळा लाखांच्या आसपास, आणि त्यातच दोघांच्या हजसाठी बाजूला काढलेली रक्कम होती. जाहिरातीखाली कर्जाची सोयही लिहिली होती. ते अब्बांनी पहिल्याच दिवशी बाद केले. व्याज द्यायचे नाही, मग विषय रोखीचा. रोख म्हणजे हजचे पैसे. अम्मीचे म्हणणे सरळ होते. ऐपत आहे तर हज आधी, फिरणे मागून. अब्बांचे म्हणणे असे की गुडघे चालतात तोवर काश्मीर, लडाख, केरळ पाहून घेऊ, गाडी विकली की पैसे परत येतील आणि मग हज. दोघांचेही चूक नव्हते असे त्या वेळी वाटले. आता वाटत नाही. फर्ज कामाचे पैसे जुन्या इंजिनात ठेवून "विकली की परत येतील" म्हणणे हा अंदाज होता, हिशेब नव्हता.

मग आम्ही गाडीचे एकेक अंग वेगळे करून विचार करू लागलो. पहिले अंग, फोर-बाय-फोर. याच्यासाठी किंमत चढते, डिझेल जास्त लागते, पुढच्या चाकांकडे जाणारा आणखी एक शाफ्ट, आणखी एक डिफरन्शियल, वेगळा छोटा गिअरबॉक्स असा पसारा वाढतो आणि तो बिघडला तर यवतमाळ जिल्ह्यात मिस्त्री शोधत फिरावे लागते. अब्बांना विचारले, "आपल्याला हे कुठे लागेल?" त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. आपल्याकडची काळी माती पाणी पिऊन फुगते. आषाढात पांदणीतून जायचे तर ती टायरच्या खाचा भरून टाकते, चाक गुळगुळीत होते आणि मग चारही चाके जागच्या जागी फिरतात. "त्या चिखलात बैलगाडी निघते, ट्रॅक्टर निघतो. तीन टनांचं घर नाही निघत," ते म्हणाले. मग उरले लडाखचे बर्फ आणि राजस्थानची वाळू, म्हणजे पाच वर्षांतून एखादा पंधरवडा.

जंगलाचे म्हणाल तर आपला भाग नशीबवान आहे. उमरखेडकडे पैनगंगा अभयारण्य, पांढरकवड्याकडे टिपेश्वर. पण अभयारण्यात परवानगीशिवाय रात्री गाडी लावून राहता येत नाही, आणि ते योग्यच आहे. जाहिरातीतला फोटो नदीकाठी एकट्याने उभ्या असलेल्या गाडीचा असतो. प्रत्यक्षात रात्री बायका-मुलांना घेऊन थांबायचे ते पेट्रोल पंपाच्या आवारात, धर्मशाळेत किंवा ओळखीच्याच्या अंगणात. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. अशा गाड्यांना पाणी, वीज आणि मैला रिकामा करण्याची सोय असलेले तळ व्हावेत हा त्यातला एक हेतू. ते जितके वाढतील तितके बरे. पण तळावर जाणाऱ्या गाडीला चार चाकांची ताकद कशाला लागते?

दुसरे अंग कागदांचे, आणि इथे मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला. गाडीचा नंबर घेऊन एम-परिवहन ॲपवर टाकला की मालक कितवा, विमा कधीपर्यंत, पीयूसी आहे का, कर्जाचा बोजा आहे का, एवढे दिसते. या गाडीवर बोजा नव्हता. विमा चालू होता. पण नोंदणी पुस्तकात, म्हणजे आरसीत, गाडीच्या प्रकारापुढे लिहिले होते ते पिकअपच. मागे बांधलेल्या खोलीचा त्यात पत्ता नव्हता.

हे किरकोळ वाटेल, पण अख्खा व्यवहार इथेच फिरतो. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हीच गोष्ट ठासून सांगितली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. अशा गाड्या कायदेशीर असूच शकत नाहीत असे मात्र नाही. राहण्याच्या गाड्यांसाठी एआयएस-१२४ नावाचे वेगळे मानक आहे. पुण्याच्या एआरएआयसारखी संस्था त्यानुसार तपासणी करते आणि मग आरटीओच्या पुस्तकात गाडीची नोंद मोटर कॅराव्हॅन अशीच होते. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न किंमतीचा विचारू नका. विचारा, "आरसीवर बॉडीचा प्रकार काय आहे?" तिथे भलतेच लिहिले असेल तर दंड सोडा, अपघात झाल्यावर विमा कंपनीला बोट ठेवायला आयती जागा मिळते. गाडीत आपली माणसे झोपलेली असताना ही जोखीम कोणी घ्यावी?

माझा धाकटा भाऊ म्हणाला, "आपण साधी पिकअप घेऊ आणि खोली इथेच बनवून घेऊ. महागावात, पुसदमध्ये वेल्डिंगवाले काय कमी आहेत?" खरेच आहे. आपल्या भागातल्या कारागिरांचे हात मोठे हुशार आहेत. फुलसावंगी आमच्याच तालुक्यात. तिथल्या एका तरुणाने पत्र्याची कपाटे आणि कूलर बनवता बनवता मारुती ८०० चे इंजिन बसवून चक्क हेलिकॉप्टर उभे केले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी चालू असताना मागचा पंखा तुटून मुख्य पंख्यावर आदळला, डोक्याला मार बसला आणि तो गेला. त्या दिवशी आमच्या शाळेच्या खोलीत शिक्षकांपैकी कोणी बोलत नव्हते. त्याच्या हुशारीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण तेव्हापासून कोणी "इथेच जोडून घेऊ" म्हटले की मी विचारते, तपासणार कोण? कूलरचा सांधा निघाला तर पाणी गळते. ताशी ऐंशीच्या वेगाने धावणाऱ्या खोलीचा सांधा निघाला तर? भाऊ गप्प बसला. त्यालाही तो दिवस आठवत होता.

अब्बांना मात्र गाडी डोळ्यांनी पाहायची होती. तसे केल्याशिवाय त्यांचे मन निघाले नसते. मग एका शुक्रवारी रात्री आम्ही तिघे पुण्याला गेलो. विकणारे गृहस्थ सज्जन होते. चहा पाजला, किल्ली दिली, "मनासारखी पाहा" म्हणाले. त्यांनी गाडी हौसेने सांभाळली होती. वाहन विकत घेताना समोरचा माणूस फसवाच असणार असे धरून चालू नये. पण माणूस चांगला आहे म्हणून गाडी चांगली, असेही धरू नये.

अब्बांनी सकाळी इंजिन गार असतानाच हात लावून पाहिले. "गरम इंजिन सगळं लपवतं," हे त्यांचे जुने वाक्य. गार इंजिन किती पटकन चालू होते, धूर निळा की पांढरा, तो किती वेळ राहतो, हे पाहिले. मग पाठीवर झोपून खाली शिरले. पाट्यांना चीर आहे का, चेसीवर कुठे नवा रंग मारून वेल्डिंग झाकले आहे का, डिफरन्शियलमधून तेल पाझरते का. फोर-बाय-फोरचा दांडा त्यांनी डांबरी रस्त्यावर ओढू दिला नाही. वळताना पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत, कोरड्या घट्ट रस्त्यावर घसरायलाही वाव नसतो आणि सगळा ताण गिअरवर येतो. शेजारच्या मोकळ्या मातीच्या प्लॉटवर नेऊन दांडा टाकला, पुढची चाके खरेच ओढतात की नुसता दिवा लागतो ते पाहिले. ओढत होती. अब्बांचा चेहरा खुलला.

मी खोलीत. माझे काम म्हणजे नाक आणि बोटे. दारे-खिडक्या दहा मिनिटे बंद ठेवून मग आत गेले. कुबट वास येत होता. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करत गेले तर खिडकीखाली आवाज बदलला, प्लाय फुगलेला. म्हणजे पावसाचे पाणी आत शिरते. शेगडीला घरगुती लाल सिलिंडर लावलेला, आणि तो ठेवलेल्या पेटीला खाली एकही भोक नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून पेटीला तळाशी बाहेर उघडणारी जागा हवीच. माझी दोन मुले ज्या पलंगावर झोपणार होती तो याच पेटीवर होता.

पाण्याची टाकी १२० लिटरची. फोटो पाहताना मोठी वाटली होती. आम्ही मोठी माणसे तीन. पाच वेळचे वजू, हात आखडून वापरले तरी वजूला दीड लिटर धरा. साडेबावीस लिटर तिथेच गेले. संडास, भांडी, मुलांचे हातपाय, पिण्याचे वेगळे. दोन दिवसांत टाकी कोरडी. मग तिसऱ्या दिवशी पाण्यासाठी गावात यायचेच, नदीकाठी एकटे राहायचे स्वप्न तिथेच संपते.

शेवटी अब्बा म्हणाले, "काट्यावर घेऊ." आम्ही कापसाच्या मुलखातली माणसे. गाडीचे वजन केल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असे आम्हाला वाटतच नाही. विकणाऱ्यांना नवल वाटले, पण तेही सोबत आले. आरसीवर गाडीचे भरलेले कमाल वजन लिहिलेले असते. या गाडीचे होते २,९९० किलो. त्याच्या वर एक किलोही न्यायचा नाही. काट्यावर पाण्याची टाकी रिकामी, माणसे खाली उतरलेली, सामान नाही, अशी गाडी भरली २,८४० किलो. मी पावतीच्या मागेच हिशेब केला. पाणी १२०. आम्ही पाच जण, मुले धरून, ३२०. गाद्या, भांडी, गॅस, शिधा, कपडे कमीत कमी १५०. एकूण ३,४३०. म्हणजे मर्यादेपेक्षा ४४० किलो जास्त, जणू छतावर आणखी सहा माणसे बसवून घाट उतरायचा. मग अब्बांनी नुसती मागची चाके काट्यावर घेतली. रिकाम्या गाडीचेच १,९०० किलो मागे होते.

अब्बा बराच वेळ पावतीकडे पाहत राहिले. मग विकणाऱ्यांना म्हणाले, "भाऊ, ब्रेक कितीदा केले?" त्यांनी सांगितले, दर वर्षी. "आणि मागचे टायर?" तेही लवकर झिजतात म्हणाले, रस्ते खराब आहेत. अब्बांनी पावती त्यांच्या हातात ठेवली. "रस्ते नाहीत खराब. गाडी दमते आहे."

ते गृहस्थ खरेच गोंधळले. इतक्या वर्षांत त्यांनी कधी वजन केलेच नव्हते. बांधणाऱ्याने सांगितले नाही, त्यांनी विचारले नाही. इथे अब्बांनी एक गोष्ट केली ती मला महत्त्वाची वाटते. आपल्याकडे व्यवहारात खियार-ए-ऐब म्हणून हक्क आहे. मालातला दोष विकणाऱ्याने झाकला आणि तो मागून निघाला, तर घेणाऱ्याला माल परत करता येतो. त्याची दुसरी बाजू अशी की दोष कळला की तो सांगणे विकणाऱ्यावर येते. अब्बा त्यांना एवढेच म्हणाले, "आजपर्यंत तुम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. पुढच्याला ही पावती दाखवा." त्यांनी पावती घडी करून आरसीच्या पाकिटात ठेवली.

परतीच्या गाडीत कोणी फारसे बोलले नाही. नांदेड जवळ आल्यावर मी वही काढली. रात्री मोजायच्या होत्या. वर्षातल्या किती रात्री आपण या घरात झोपू? जून ते ऑक्टोबर अब्बा शेतीच्या मागे. रमजान घरीच. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे ऊन असे की पत्र्याच्या खोलीत बसणे म्हणजे भट्टी. माझी शाळा, मुलांच्या परीक्षा. खूप ताणून आकडा आला पंचवीस. मग खर्च. चौदा लाखांची गाडी पाच वर्षांनी आठ लाखांना गेली असे धरू, सहा लाख गेले. विमा, टायर, बॅटरी, दुरुस्ती मिळून वर्षाला साठ हजार, पाच वर्षांचे तीन लाख. चार वर्षांनी गाडीला पंधरा वर्षे होणार, म्हणजे नव्याने तपासणी, पुनर्नोंदणीचे शुल्कच पाच हजार, वर पर्यावरण कर. ते मी धरलेही नाही. नऊ लाख भागिले सव्वाशे रात्री. रात्रीला सात हजार दोनशे, डिझेल वेगळे. एवढ्यात कोणत्याही शहरात कडी असलेले, गरम पाण्याचे, अम्मीला बसता येईल अशा कमोडचे दोन दरवाजे मिळतात.

उरलेले तीनशे चाळीस दिवस गाडी गल्लीत उभी. आमच्या गल्लीत समोरासमोर दोन मोटारसायकली आल्या तर एकीला थांबावे लागते. उंदरांचे तर बोलायलाच नको. शेजारच्या चाचांच्या उभ्या गाडीची वायरिंग त्यांनी एका पावसाळ्यात खाल्ली होती.

कोणीच अशी गाडी घेऊ नये असे मी म्हणत नाही. दोघेच असाल, तब्येत धड असेल, वर्षातले तीन-चार महिने खरोखर रस्त्यावर राहणार असाल, तर रात्रीचा खर्च एकदम खाली येतो. मग घ्या, पण आरसीवर कॅराव्हॅन लिहिलेलीच घ्या, आणि आधी तशीच गाडी भाड्याने घेऊन चार रात्री काढा. पुण्या-मुंबईत त्या भाड्याने मिळतात. व्यवहार झाला की फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, परराज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, आधी कर्ज असेल तर बोजा उतरल्याचा फॉर्म ३५. आणि विमा आपल्या नावावर करायला चौदा दिवसांच्या आत अर्ज. पहिल्या महिन्यात गाडी फिरवण्याच्या नादात लोक हेच विसरतात.

आम्ही भाड्याचे पुण्याला जाऊन केले नाही. अब्बांनी दुसरीच युक्ती काढली. जानेवारीत ओळखीच्या माणसाची सात आसनी गाडी दोन दिवसांसाठी घेतली. मेडिकलच्या दुकानातून घडीची कमोडची खुर्ची आणली आणि तिच्याभोवती उभा करायचा अरुंद तंबू. दोन्ही मिळून काही हजारांत झाले. माहूरच्या बाजूला वझरा शेख फरीदचा धबधबा आहे, तिकडे गेलो. हिवाळ्यात धार बारीक होती, पण मुलांना तेवढी पुरली. रात्री मुक्काम ओळखीच्यांच्या शेतात. पांदण सुरू झाली तिथे गाडी थांबवली. विहिरीपर्यंत चालत दोनशे पावले. मी अब्बांकडे पाहिले. ते म्हणाले, "हो, मोजली मी पण." या दोनशे पावलांसाठी आम्ही फोर-बाय-फोर घेणार होतो.

अम्मीने सुरुवातीला तंबूला नावे ठेवली. चेन नीट लागते का ते आतून तीनदा तपासले. मग संध्याकाळी विहिरीवर वजू करून नमाज पढली आणि चुलीपाशी बसली. मी तिच्या हातात पाण्याचा पेला दिला. ती नेहमीसारखी "नको" म्हणाली नाही. रात्री झोपेपर्यंत तिने चार पेले पाणी प्यायले. मी मोजत होते हे तिला कळले नाही.

शेतातल्या खोलीत दोन खाटा होत्या. एक अम्मीला, एक मुलांना. मी सतरंजीवर. अब्बा कुठे दिसेनात म्हणून बाहेर आले तर ते त्या सात आसनी गाडीचे मधले बाकडे पाडून, उशाला जानमाजची घडी घेऊन गाढ झोपले होते.

कमोडची खुर्ची आणि तंबू आता आमच्या घरच्या माळ्यावर असतात. नांदेडला जाताना डिक्कीत टाकतो. हजच्या अर्जाची कागदपत्रे अम्मीने काढून ठेवली आहेत, पासपोर्टच्या नूतनीकरणाला भाऊ दोघांना घेऊन गेला होता.

गेल्या महिन्यात पुण्याच्या त्या गृहस्थांचा अब्बांना फोन आला. गाडी गेली, नाशिककडच्या एका जोडप्याने घेतली. दोघेच आहेत, मुले नाहीत. खोलीतले सामान अर्धे काढून, तपासणी करून नोंद बदलून घेणार आहेत. "तुमची पावती दाखवली," ते म्हणाले. "म्हणून अकरालाच द्यावी लागली."

अब्बांनी फोन ठेवला. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग अम्मीकडे पाहून हळूच म्हणाले, "अकरा."

अम्मीने मोबाईल त्यांच्या हातातून काढून चार्जिंगला लावला.